वकील न होता कायद्याचं काम

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिना जवळ आला की इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी घरांमधून मला फोन यायला लागतात. बहुतेक वेळा आईचा फोन असतो. "मुलगी लीगल स्टडीजमध्ये, म्हणजे कायदा या विषयात, बी.ए. होतेय. आता म्हणते, लॉ स्कूलला नाही जाणार. मग ही चार वर्षं फुकट गेली का हो?" आजचं बोलणं त्या आईसाठी आहे, आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या मुलीसाठीही.

आधी एक गैरसमज दूर करते. आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षं कायदा शिकता येतो, म्हणून लीगल स्टडीजची पदवी आपल्याला अर्धवट सोडलेल्या एलएल.बी.सारखी वाटते. इथली रीत वेगळी आहे. आधी चार वर्षांची कोणतीही पदवी, मग एलसॅट ही प्रवेशपरीक्षा, मग तीन वर्षांचं लॉ स्कूल आणि शेवटी वकिलीच्या सनदेसाठी त्या त्या राज्याची बार परीक्षा. लॉ स्कूलला जायचं असेल तर अमुकच विषय घ्या, असं अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची संघटनाही सांगत नाही. इतिहास घ्या, गणित घ्या, संगीत घ्या. त्यामुळे लीगल स्टडीज हा कुठल्या जिन्याचा पहिला टप्पा नाही, ती स्वतंत्र पदवी आहे. नावाजलेल्या खासगी लॉ स्कूलची नुसती फी वर्षाला 70 हजार डॉलरच्या वर गेली आहे. बावीस वर्षांची मुलगी त्या कर्जाकडे बघून थांबत असेल, तर ती आळशी आहे असं कृपा करून म्हणू नका.

आता मुलीशी बोलते. बाळ, तुला कायदा वाचता येतो, निकालपत्रातून नेमका मुद्दा उचलता येतो, नियमाचं पोटकलम शोधता येतं. पण तुझ्याकडे सनद नाही. या देशात सनद असणारा आणि नसणारा यांच्यामध्ये जी रेघ आहे, तिचं नाव आहे सल्ला. "कायद्याने तुमचं असं असं आहे, म्हणून तुम्ही हे करा," एवढं वाक्य एखाद्या माणसाला त्याच्या प्रकरणाबद्दल सांगितलं, की तो कायदेशीर सल्ला होतो. सनदेशिवाय तो देणं बेकायदा आहे, आणि अनेक राज्यांत तो फौजदारी गुन्हा आहे.

ही रेघ मला एका चुकीने कळली. मी एका खासगी लॉ फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे सनद नसलेली वकिलाची सहायक, होते. दुपारी वकीलसाहेब कोर्टात, ऑफिसात मी एकटी, आणि एका बाईंचा फोन आला. अर्ज हातात होता, आवाज घाबरलेला. "ताई, मी सही करू का?" मराठीतून विचारलं हो त्यांनी. मी म्हणून गेले, "करा, काही हरकत नाही." दुसऱ्या दिवशी वकिलांनी अर्ज पाहिला. एका प्रश्नाचं उत्तर चुकलेलं होतं. अर्ज टपालात पडायच्या आत सापडलं म्हणून निभावलं. त्या बाईंनी माझ्या शब्दावर सही केली होती आणि तो शब्द द्यायचा मला अधिकार नव्हता. ती रात्र मला झोप आली नाही.

म्हणून पॅरालीगलच्या कामाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण लीगल स्टडीजची बहुसंख्य मुलं आधी इथेच येतात. मुलाखतीत सांगतात "वकिलाला मदत करायची", आणि मुलांना वाटतं फायली लावायच्या. तसं नाही. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात दाव्याची नोटीस बजावली की उत्तर द्यायला साधारणपणे 21 दिवस मिळतात. बजावणीचा दिवस मोजायचा नाही, मधले शनिवार-रविवार मोजायचे, आणि शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर जाते. हे गणित बहुतेक ऑफिसांत पॅरालीगल करतो. तारीख चुकली तर अशिलाचा दावा न लढताच हातचा जाऊ शकतो. शिवाय साक्षींच्या शेकडो पानांचे सारांश, पुराव्याच्या ईमेलींचे ढीग चाळणं, मसुदे तयार करणं. 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने मिसूरी विरुद्ध जेन्किन्स या निकालात मान्य केलं, की हरलेल्या पक्षाकडून वकिलाची फी वसूल करताना पॅरालीगलच्या तासांची किंमत बाजारभावाने लावता येते. तुमच्या कामाला स्वतःची किंमत आहे, हे देशातल्या सर्वात मोठ्या कोर्टाने लिहून ठेवलं आहे.

पगार? सरकारी आकडेवारीप्रमाणे मे 2024 मध्ये पॅरालीगलचा मधला पगार वर्षाला 61 हजार डॉलरच्या आसपास होता. म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून जास्त मिळत होता, निम्म्यांना कमी. नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात पॅरालीगल म्हणवून घ्यायला ठरलेलं शिक्षण किंवा अनुभव लागतो, आणि दर दोन वर्षांनी नीतिनियमांचं चार तास व कायद्याचं चार तास प्रशिक्षण घ्यावं लागतं. पुष्कळ राज्यांत असं काही बंधन नाही. तिथे 'नाला' या संस्थेची सर्टिफाइड पॅरालीगल परीक्षा दिलेली असली, तर अर्ज लवकर डोळ्यांत भरतो.

यानंतर मला जे सांगायचं आहे ते कॉलेजच्या करिअर कार्यालयात फारसं कोणी सांगत नाही, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते. ही सल्ल्याची रेघ सगळीकडे सारखी नाही. काही ठिकाणी सरकारने स्वतःच तिला दार ठेवलं आहे.

सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेतल्या अपंगत्वाच्या भत्त्याचं प्रकरण घ्या. अर्ज नाकारला गेलेल्या माणसाच्या बाजूने सुनावणीत उभं राहायला वकीलच लागतो असं नाही. पदवी, परीक्षा, पार्श्वभूमीची तपासणी आणि विमा एवढं पार पाडलं, की बिगरवकील प्रतिनिधीची फीसुद्धा अशिलाला मिळणाऱ्या थकबाकीतून परस्पर कापून मिळू शकते. नेहमीच्या करारात ती थकबाकीच्या 25 टक्के असते, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तिची कमाल मर्यादा 9,200 डॉलर झाली. कर खात्याकडे एन्रोल्ड एजंट असतात. तीन भागांची परीक्षा, पदवीचीही अट नाही, आणि आयआरएससमोर, म्हणजे त्याच कर खात्यासमोर, कोणत्याही करदात्याची बाजू मांडता येते.

राज्यंही हलायला लागली आहेत. वॉशिंग्टन राज्याने 2012 साली कौटुंबिक प्रकरणांसाठी मर्यादित सनद काढली, आणि 2020 मध्ये नवे लोक घेणं बंद करायचं ठरवलं. मला तो निर्णय घाईचा वाटला, आजही वाटतो. पण ॲरिझोनाने 2021 पासून लीगल पॅराप्रोफेशनल सुरू केले. शिक्षण, अनुभव, परीक्षा हे सगळं पार पाडून ते घटस्फोट, लहान दिवाणी दावे अशा ठरलेल्या प्रकरणांत सल्ला देतात आणि कोर्टात उभेही राहतात. यूटामध्ये अशी सोय आधीच होती. ऑरेगन आणि कोलोरॅडोत 2024 पासून असे परवाने मिळू लागले. ज्या राज्यात राहता तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर हे नियम मिळतात, पदवीच्या शेवटच्या वर्षी एकदा बघून ठेवा.

आणि इमिग्रेशन. इथे मी थोडी जास्त बोलेन, कारण माझं आयुष्य त्यात आहे. 1963 सालच्या गिडियन निकालाने फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला. पण इमिग्रेशन कोर्टातलं हद्दपारीचं प्रकरण दिवाणी धरतात. वकील ठेवा, पण आपल्या पैशाने. नसतील पैसे तर एकट्याने उभं राहा. मी त्या कोर्टांत लहान मुलं एकटी उभी असलेली पाहिली आहेत. हे पाहून घरी आल्यावर जेवण जात नाही.

या ठिकाणी न्याय विभागाने मान्यताप्राप्त प्रतिनिधी अशी सोय ठेवली आहे. विभागाने मान्य केलेल्या ना-नफा संस्थेत तुम्ही काम करायचं आणि संस्थेने तुमच्यासाठी अर्ज करायचा. अंशतः मान्यता मिळाली तर यूएससीआयएस, म्हणजे व्हिसा-नागरिकत्वाचे अर्ज बघणारं खातं, त्याच्यापुढची प्रकरणं हाताळता येतात, पूर्ण मान्यता मिळाली तर इमिग्रेशन कोर्टातही उभं राहता येतं. मान्यता तीन वर्षांची असते, मग नूतनीकरण. लॉ स्कूल लागत नाही. लागतो तो कायद्याचा पक्का अभ्यास आणि चांगलं चारित्र्य. खासगी फर्ममध्ये मात्र ही मान्यता चालत नाही, म्हणून ती मिळवायला मी फर्म सोडली. पगार उतरला, ते लपवत नाही.

मराठी येत असल्याचा इथे किती उपयोग होतो सांगू? आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि आडनावही बदलतं. जन्मदाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. अधिकाऱ्याला ही तीन माणसं वाटतात. प्रत्येक मराठी कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आजीच्या जन्माची नोंदच झालेली नसते, मग नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जमवायची. ही गुंतागुंत ज्याच्या घरात घडली आहे, त्याला ती दोन मिनिटांत कळते.

बाकीच्या वाटा भराभर सांगते. कंप्लायन्स, म्हणजे बँका, रुग्णालयं, औषध कंपन्या नियम पाळतात की नाही हे आतून बघणं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तर ती कंपनीला चढावी लागू नये याची काळजी घेणारा हा माणूस. याचा मधला पगार 75 हजार डॉलरच्या वर आहे, आणि पॅरालीगलहून इथे वाढही लवकर मिळते असं माझं निरीक्षण आहे. करारांचं व्यवस्थापन आणि जमीनजुमल्याच्या मालकीहक्काची तपासणी या कामांतही ही पदवी चालते. माहितीच्या कायद्याखाली, म्हणजे 1966 च्या फॉइयाखाली, आलेल्या अर्जांना उत्तरं देणाऱ्या सरकारी जागा असतात. कोर्ट रिपोर्टर, म्हणजे कोर्टातलं बोलणं शब्दन्‌शब्द टिपणारा, व्हायचं तर मिनिटाला 225 शब्दांचा वेग लागतो. ती साधना आहे, वर्षभरात जमेल अशा भ्रमात राहू नका. पेटंट एजंटची, म्हणजे शोधांच्या पेटंटचे अर्ज हाताळणाऱ्याची, सनद मात्र लीगल स्टडीजवर मिळत नाही, त्याला विज्ञान किंवा तंत्रज्ञानाचं शिक्षण लागतं.

भारतातून इथे शिकायला येऊ पाहणाऱ्या मुलांना एक स्पष्ट सांगणं आहे. लीगल स्टडीज 'स्टेम', म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांत मोडत नाही, म्हणून पदवीनंतरची काम करायची परवानगी 12 महिन्यांचीच, पुढचे 24 महिने नाहीत. आणि पॅरालीगलच्या नोकरीवर एच-1बी हा कामाचा व्हिसा मिळवणं फार कठीण जातं, कारण या कामाला पदवी लागतेच असं सरकार मानत नाही. कर्ज काढण्याआधी हे आईवडिलांसोबत बसून बोला. ज्यांच्याकडे इथलं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड आहे, त्यांना ही अडचण नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी ऑफिस बंद करताना फोन वाजला. एक काका होते, नागरिकत्वाचा अर्ज समोर घेऊन बसलेले. "ताई, मी सही करू का?" मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "थांबा काका. पहिल्या पानापासून मला वाचून दाखवा. मग सांगते."

नमस्कार.