मॅडम, मागच्या वेळी किती होतं?

सकाळचे सव्वासात. कोपरखैरणेतली एक शाळा, आणि ग्राउंड म्हणाल तर समोर दिसतंय तेवढंच, तीन बाजूंनी बिल्डिंगी आणि चौथ्या बाजूला स्कूल बसची लाइन. पीटीच्या मॅडम मुलांच्या फिटनेस टेस्टसाठी फक्कीने आखतायत. ४० बाय २० मीटरचा चौकोन, म्हणजे एक फेरी १२० मीटरची, अशा ५ मारल्या की झाले ६०० मीटर. आपल्याकडे प्रत्येक शाळेला ट्रॅक कुठून मिळणार, पण चार कोपऱ्यांना खुणेचे प्लॅस्टिकचे कोन ठेवले आणि मुलं कोनाच्या बाहेरून वळली तर एवढ्याशा जागेतही टेस्ट नीट होते. आतून वळली की अंतर कमी आणि टायमिंग खोटं.

मला या विषयावर व्हिडिओ करायचाच होता. मी सातवीत असताना शाळेत अख्ख्या वर्गासमोर वजन घेतलं आणि आकडा मोठ्याने वाचला, सगळे हसले, आणि त्यानंतर वर्षभर मी पोट दुखतंय सांगून पीटीच्या तासाला वर्गात बसून राहिलो. टेस्ट होती फिटनेसची, आणि तिच्यामुळेच माझं खेळणं सुटलं.

इथे वजन-उंची स्पोर्ट्स रूममध्ये, एकेकाला आत बोलवून. आकडा कार्डावर लिहायचा, बोलायचा नाही. आणि मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, मोठ्यांच्या तक्त्यात बघायचा नाही, तो वय आणि मुलगा-मुलगी बघूनच ठरतो, हे कितीतरी पालकांना माहीतच नसतं.

बाकीच्या टेस्ट केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेतल्याच. पहिली ते तिसरीला दोनच, प्लेट टॅपिंग, म्हणजे दोन चकत्यांना आलटून-पालटून भराभर हात लावणं, आणि फ्लेमिंगो बॅलन्स, म्हणजे एका पायावर तोल सांभाळणं. ही बघा दुसरीतली चिमुरडी, अरुंद पट्टीवर एका पायावर उभी, दुसरा पाय मागे हाताने धरलाय, जीभ दातात, पडली की मॅडम घड्याळ थांबवतात, पुन्हा चढली की सुरू, मिनिटभरात तोल किती वेळा गेला तेवढं मोजायचं. चौथीपासून पुढे ५० मीटर स्प्रिंट, ६०० मीटर, सिट अँड रीच (पाय सरळ ठेवून बसायचं आणि पुढे वाकून हात किती लांब पोचतो ते बघायचं), कर्ल-अप (पाठीवर झोपून खांदे वर उचलायचे), पुश-अप.

खरी गडबड कर्ल-अपला होते. मोजायला जोडीदार बसवला की तो मैत्रीखातर अर्धवट उठलेलाही धरतो. म्हणून मॅडम आधी दोन आठवडे फक्त सराव घेतात, कुठला धरायचा आणि कुठला सोडून द्यायचा हे मुलांकडूनच ठरवून घेतात, मग टेस्ट. पावसाळ्यात ग्राउंडवर चिखल, ऑक्टोबर हीटमध्ये मुलांचा जीव जातो, त्यामुळे धावायची टेस्ट डिसेंबर आणि फेब्रुवारीत, दोन्ही वेळा पहिल्याच तासाला. नाहीतर एक टायमिंग ऑक्टोबरच्या दुपारचं आणि दुसरं जानेवारीच्या सकाळचं, मग पोरगा सुधारला की हवा गार झाली, कळणार कसं? तसंच ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या ग्राउंडवरच्या वेळेशीही इथली वेळ लावू नये, इथे एका फेरीत चार वळणं आहेत, प्रत्येक वळणाला वेग तुटतो. आणि या आकड्यांना मार्क नाहीत, मला वाटतं सगळ्यात बरोबर गोष्ट हीच आहे.

आता ही सहावीतली मुलगी बघा. डिसेंबरमध्ये शेवटच्या दोन फेऱ्या चालत आली होती. आज चालली नाही, हळू झाली पण धावत राहिली. धापा टाकत आधी मॅडमकडे.

"मॅडम, मागच्या वेळी किती होतं?"

मॅडम कार्ड तिच्याच हातात देतात. ४ मिनिटं १० सेकंद. आज ३ मिनिटं ४६.

तिचं बोट खालच्या ओळीवर सरकतं. "सिट अँड रीच कमी कसं झालं? १ सेंटीमीटर?"

"अगं, उंची वाढतेय ना तुझी. पाय आधी लांब होतात, मग असं होतं. रोज थोडं स्ट्रेचिंग कर."

ती तिथेच खाली बसते आणि बुटांची लेस सोडायला लागते.