घाटात चढणारा काटा

(दृश्य : बोरघाटाची चढण. मे महिन्यातील दुपार. डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा.)

खोपोली मागे पडते आणि मुंबईहून पुण्याकडे निघालेली ही लहान पेट्रोल गाडी घाट चढू लागते. खंडाळ्यापर्यंत सुमारे 500 मीटर उंची गाठायची आहे, तीही चार माणसे, डिकीभर सामान आणि चालू एसी यांच्यासह. एरवी मधोमध स्थिर असणारा काटा 2020 साली पाडलेला अमृतांजन पूल जिथे होता, त्या वळणाच्या अलीकडे मिनिटाभरात लाल पट्टीला टेकतो. चालक एसी बंद करून गाडी डाव्या मार्गिकेत घेतो, तोवर काटा जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा मध्यावर आलेला असतो. महिन्याभरात असे तिसऱ्यांदा घडले आहे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता कूलंटला (इंजिनात फिरणाऱ्या, त्याला थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरपर्यंत, म्हणजे वाऱ्याने द्रव थंड करणाऱ्या जाळीपर्यंत, वाहून न्यावी लागते. ही वाहतूक हळूहळू कमी पडू लागली, म्हणजे रेडिएटरच्या जाळीत चिखल बसला किंवा वर्षानुवर्षे ओतलेल्या बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांत साचला, तर काटाही आठवड्यागणिक थोडा थोडा वर सरकतो. अचानक येणारी उसळी हे निराळे दुखणे आहे. अशा वेळी एक तर पंपाचा पट्टा तुटणे, फॅन बंद पडणे किंवा थर्मोस्टॅट (कूलंट पुरेसे तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अडकणे यांमुळे उष्णतेची वाट एकदम बंद झालेली असते, किंवा सेन्सरभोवती पाण्याऐवजी वाफ आणि हवा आलेली असते, किंवा सेन्सरची वायरच चुकीची खबर देत असते. शेवटची शक्यता ओळखणे त्यातल्या त्यात सोपे. पाच-सहा लिटर कूलंट आणि त्याभोवतीचा धातू चावी फिरवताक्षणी तापू शकत नाहीत. थंड इंजिनावर काटा टोकाला गेला, तर पाने-स्पॅनर बाजूला ठेवून आधी वायरिंग पाहावे.

(दृश्य : पुण्यातील एक छोटे गॅरेज. बॉनेट अजून उघडलेले नाही.)

गाडी गॅरेजमध्ये आली, तेव्हा मेकॅनिकने बॉनेटला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारले, आणि निदानाचा निम्मा भाग इथेच असतो. सिग्नलला उभे असताना काटा चढतो का? तसे असेल, तर संशय फॅनवर, त्याच्या फ्यूजवर किंवा रिलेवर जातो, कारण धावत्या गाडीला समोरचा वारा सांभाळून घेतो. सलग वेगात चढतो का? मग कूलंटचा प्रवाह किंवा रेडिएटर तपासावा लागतो. इथे उत्तर वेगळे होते : फक्त चढणीवर, एकदम वर, आणि तितक्याच वेगाने खाली. अडकलेला थर्मोस्टॅट अधूनमधून असे करतो. कूलंटमध्ये शिरलेला हवेचा बुडबुडाही करतो. मालकांनी ठामपणे सांगितले की रेडिएटरशेजारच्या, जादा कूलंट साठवणाऱ्या बाटलीतील कूलंट कधीच कमी होत नाही, उलट ते कमाल खुणेच्या जरा वरच असते. मेकॅनिकने गाडी रात्रभर ठेवून घेतली.

रात्रभर ठेवण्याचे कारण साधे होते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडता येत नाही. आतला द्रव दाबाखाली असतो आणि दाब सुटताच तो उकळत उसळून हात-तोंड भाजतो. शिवाय इंजिन पूर्ण थंड झाल्यावर जे दिसते, ते गरम असताना दिसत नाही.

(दृश्य : सकाळ. बॉनेट उघडले आहे. रेडिएटरचा वरचा होस पाइप अगदी जवळून.)

हा पाइप नीट पाहावा. तो गोल असायला हवा. इथे तो मधोमध चपटा झालेला आहे, जणू कोणी दोन बोटांत धरून दाबला आहे. मेकॅनिकने झाकण सावकाश फिरवले, आत हवा ओढली गेल्याचा बारीक आवाज आला आणि पाइप टचकन फुगून पुन्हा गोल झाला. रेडिएटरच्या तोंडात पाहिले, तर कूलंटची पातळी चांगली तीन बोटे खाली होती. शेजारची बाटली मात्र काठोकाठ भरलेली.

दोष त्या झाकणात होता. रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. मोठ्या झडपेची स्प्रिंग आत ठरावीक दाब धरून ठेवते, झाकणावर 0.9 हा जो आकडा छापलेला दिसतो, तो या दाबाचा, आणि एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा 100 ऐवजी सुमारे 118 अंश सेल्सियसला उकळते. कूलंट तापून फुगले की जादा द्रव या झडपेतून बाटलीत जातो. इंजिन थंड होताना आत पोकळी निर्माण होते, तेव्हा मधली छोटी झडप उघडून तोच द्रव परत आत यायला हवा. या झाकणातील छोटी झडप क्षाराने चिकटून बसली होती. त्यामुळे बाहेर गेलेले कूलंट बाटलीतच राहत होते, रात्री रेडिएटर रबरी पाइपाला आत ओढत होता, आणि आतल्या दाबापुढे टिकणाऱ्या परंतु आतून ओढ लागताच दाद देणाऱ्या एखाद्या सैल क्लिपमधून थोडी थोडी हवा आत शिरत होती. घाटात इंजिनावर भार आला की हीच हवा थर्मोस्टॅटच्या घरात अडकत असे. हवेने वेढलेला थर्मोस्टॅट उशिरा उघडतो, सेन्सरला वाफ लागते, काटा उसळतो, आणि बुडबुडा पुढे सरकला की तो खाली येतो.

मालक रोज सकाळी ज्या भरलेल्या बाटलीकडे पाहून निर्धास्त होत होते, ती बाटलीच खरे तर तक्रार सांगत होती.

तरीही केवळ झाकण बदलून गाडी देणे घाईचे ठरले असते, कारण हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधील पट्टीतून) ज्वलनाचा वायू गळत असेल, तर तोही असेच बुडबुडे करतो. म्हणून रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा एका निळ्या द्रवातून ओढली गेली. कार्बन डायऑक्साइड असता, तर हा द्रव पिवळा पडला असता. तो निळाच राहिला. मग हातपंपाने दाब भरून पंपावरील दाबाचा काटा दहा मिनिटे पाहिला. तो हलला नाही. खालच्या होसची सैल क्लिप बदलली.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणी या मालकांना थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला मिळाला होता. आपल्याकडे हा उपाय सर्रास सुचवला जातो, आणि तो वाईट आहे. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन गरम व्हायला वेळ घेते, पेट्रोल जास्त पिते, आणि मूळ दोष तसाच दबून राहतो. याही गाडीचा थर्मोस्टॅट काढला, पण तपासण्यासाठी : पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर, खाली शेगडी. 82 अंशांना त्याचे तोंड उघडू लागले. तो पुन्हा जागेवर बसला.

(दृश्य : नवे झाकण बसते. गाडी पुन्हा घाटात, शेजारच्या आसनावर स्कॅनर.)

अनेक गाड्यांचा काटा मोठ्या टप्प्यात मुद्दाम मध्यावरच ठेवलेला असतो, म्हणून या वेळी खरा आकडा गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवर पाहिला. चढणीच्या सुरुवातीला 91, वळणावर 96, फॅन सुरू झाल्यावर 93.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सवयीने बॉनेट उघडले. वरचा पाइप गोल होता, आणि बाटलीतील कूलंट रात्रीतून दोन बोटे खाली उतरले होते.