पहिला प्रेस: नवा की जुना?

(बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या परिसरातल्या तरुण कारागिरांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यातले निम्मे जण दिवसभर मशीनवर उभं राहून आलेत, हे मला हातांवरूनच दिसतंय. म्हणून लांबण लावत नाही. आधी एक वस्तू फिरवायला देतो. ही पिन. प्रत्येकानं हातात घ्या, अंगठ्यानं तिची कड चाचपा आणि पुढच्याकडे द्या. पॉवर प्रेसच्या, म्हणजे मोटरच्या जोरावर पत्रा कापणाऱ्या यंत्राच्या, क्लचमधली पिन आहे ही. १९८७ साली मी घेतलेल्या पहिल्या प्रेसमधली. तिच्याकडे आपण परत येऊ.

मला वर्षभर एकच प्रश्न येतो. मच्छ्यात नाही तर होनग्यात कुणीतरी शेड भाड्यानं घेतलेली असते, वॉशर किंवा क्लॅम्पचं जॉबवर्क मिळण्यासारखं असतं, आणि फोन येतो, "काका, प्रेस घ्यायचाय. नवा घेऊ की जुना?" मी उलट विचारतो, जॉब कुठला? पत्रा किती जाडीचा? बहुतेक वेळा त्याचं उत्तर तयार नसतं. जॉब माहीत नसताना प्रेस बघायला जाणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल आणणं.

माप काढणं अवघड नाही. कापल्या जाणाऱ्या कडेची लांबी गुणिले पत्र्याची जाडी गुणिले पत्र्याची कातरण्याला विरोध करण्याची ताकद. साध्या माइल्ड स्टीलला ती चौरस मिलिमीटरला ३५ किलो धरा. आता ५० मिमी व्यासाचा, मधे २० मिमीचं भोक असलेला वॉशर घ्या, पत्रा २ मिमीचा. बाहेरचा परीघ १५७ मिमी, म्हणजे ११ टन लागले. आतल्या भोकाचा परीघ ६३ मिमी, त्याला साडेचार टनांच्या आसपास. दोन्ही एका फटक्यात काढायचे तर साडेपंधरा टन. २० टनांचा प्रेस हे काम आरामात करेल. पण उद्या पार्टी म्हणाली की ४ मिमीचा द्या, तर हाच आकडा ३१ टनांवर जातो आणि तुमचा २० टनी प्रेस त्या दिवशी क्रँक, म्हणजे प्रेस चालवणारा वाकडा दांडा, तरी मोडून घेईल, बॉडी तरी. दुसरी गोष्ट, प्लेटवर लिहिलेले २० टन रॅम, म्हणजे वर-खाली होणारा ठोकळा, खाली टेकायच्या शेवटच्या काही मिलिमीटरमध्येच मिळतात. वर असताना तेवढा जोर नसतो. पत्र्यातून कप ओढायचं काम असेल, म्हणजे जोर वरूनच लागणार असेल, तर हा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

आता बॉडी. जुन्या प्रेसची सगळी किंमत तिच्यात आहे. 'सी' बॉडीचा प्रेस म्हणजे उघडं तोंड. दर फटक्याला ते तोंड केसभर फाकतं आणि परत मिटतं. फाकण्याचा सगळा ताण येतो आतल्या कोपऱ्यावर, घशापाशी. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बॉडीला तडा जायचा तर तिथंच जातो. विकणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून रंग तिथंच सगळ्यात जाड दिलेला सापडेल. चाकूनं रंग खरवडा. हरकत घेतली तर नमस्कार करून बाहेर पडा. खरवडलेल्या जागी डिझेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, कोरड्या फडक्यानं लख्ख पुसा आणि वर खडू घासा. दहा-पंधरा मिनिटं चहा प्या. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली काळी रेघ उमटते. वेल्डिंगची शिवण दिसली किंवा पट्टी बोल्टानं आवळलेली दिसली, तर तो प्रेस भंगाराच्या भावानंसुद्धा महाग आहे.

रॅमची ढिलाई डोळ्यांनी कळत नाही. मॅग्नेटवर डायल, म्हणजे केसभर हालचाल दाखवणारं घड्याळ, बांधा, बोल्स्टरवर, म्हणजे खालच्या पाटावर, ठेवा, काटा रॅमला टेकवा आणि लाकडी दांड्यानं रॅम बाजूला रेटा. २ मिमीच्या पत्र्याला कापणारा वरचा पंच आणि खालची डाय यांच्यातली फट एका बाजूला साधारण ०.१२ मिमी ठेवतो आपण. रॅमच पाव मिलिमीटर हलत असेल तर पंच डायच्या कडेवर बसणार. पंच आणि डायला खांबांनी सरळ धरणारा पिलर डायसेट असला तरी पिलरनी किती सोसायचं? गिब, म्हणजे रॅमच्या बाजूच्या पट्ट्या, आवळून ढिलाई जात असेल तर घासाघीस करून घ्या. रॅम सरकतो ती स्लाईडच वाकडी झिजली असेल, मधे ढिली आणि टोकाला घट्ट, तर ती दुरुस्ती तुमच्या पहिल्या वर्षाची कमाई खाईल.

इथं थोडं आडवळण घेतो. मघाशी दाराशी एक स्नेही भेटले, लष्कराच्या मराठा सेंटरमधून निवृत्त झालेले. त्यांचा भाचा अमेरिकेत नेमबाजी करतो. तिकडे अनेक नेमबाज रिकामी पितळी काडतुसं घरच्या टेबलावर पुन्हा भरतात, आणि त्यासाठी एक लहान हातप्रेस लागतो. भाच्याचा प्रश्नही हाच, पहिला प्रेस नवा की जुना? आपल्याकडे काडतूस बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे इथं कुणी तो विचारही करू नये. पण यंत्र म्हणून तो प्रेस बघण्यासारखा आहे. बार उडाला की पितळ फुगतं. लांब दांडा ओढला की काडतूस डायमध्ये चढतं आणि दाबून पुन्हा मापात येतं. त्यातही 'सी' आणि 'ओ' अशा दोन बॉड्या असतात. 'ओ' चारी बाजूंनी बंद, म्हणून फाकत नाही. बहुतेक डाय पाऊण इंचाहून थोड्या मोठ्या, ७/८ इंचाच्या, इंचाला १४ आट्यांच्या असतात. त्यामुळे आजोबांच्या प्रेसवर नातवाची डाय बसते. मी स्नेह्यांना म्हटलं, भाच्याला खुशाल जुना घ्यायला सांगा. बीडाची बॉडी अखंड असावी, रॅम डुगडुगू नये, दांड्याच्या पिना घट्ट असाव्यात, रॅमला गंज नसावा. झालं. पहिल्यासाठी एका वेळी एकच काम करणारा साधा प्रेस बरा, कारण प्रत्येक काडतूस हातात घेऊन बघता येतं. एकाच काडतुसात बंदुकीची दारू दोनदा पडली तर बंदूक फुटू शकते, आणि ती चूक साध्या प्रेसवर डोळ्यांना दिसण्याची शक्यता जास्त.

हे मी तुम्हाला का सांगतोय? कारण त्या प्रेसमध्ये जोर माणसाच्या हाताचा आहे. हात थांबला की प्रेस थांबला. आपल्या हातानं फिरवायच्या फ्लाय प्रेसचंही जवळपास तसंच. पॉवर प्रेसमध्ये जोर फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे फिरत्या जड चाकात, साठलेला असतो, आणि त्या जोरात आणि तुमच्या बोटांत फक्त एक पिन असते. ती पिन आता तिसऱ्या रांगेत पोचली वाटतं.

फ्लायव्हील सतत फिरत असतं, क्रँक थांबलेली असते. पेडल दाबलं की अडकण सुटते, स्प्रिंग पिनला फ्लायव्हीलच्या खाचेत ढकलते आणि क्रँक एक पूर्ण फेरा घेते. फेरा संपता संपता अडकणीची पाचर पिनला मागे ओढते, ब्रेक क्रँकला धरतो, रॅम वर थांबतो. मधे कुठं थांबवायचं म्हटलं तर थांबत नाही. पिनची कड झिजली, स्प्रिंग मेली किंवा ब्रेकच्या पट्ट्याला तेल लागलं, की पिन आपोआप परत खाचेत शिरते आणि रॅम न बोलावता दुसऱ्यांदा खाली येतो. आपण म्हणतो, प्रेस डबल मारतो.

माझा पहिला प्रेस मी कोल्हापूरकडून आणला होता. २० टनी, हिरवा रंग ताजा, दोन एचपीची मोटर नवी. मी रंग बघितला, मोटर बघितली, भाव बघितला. क्लच उघडून बघितला नाही. चौथ्या महिन्यात माझ्याकडचा खानापूरकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा वॉशर उचलायला हात घालत होता, आणि रॅम परत आला. उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून गेली. सगळे म्हणाले, पोरानं चुकून पाय दिला असणार. पाय पेडलवर नव्हता. मी चार फुटांवर उभा होतो, मी बघितलं. रात्री दवाखान्यातून आल्यावर मी क्लच खोलला, तेव्हा ही पिन हातात आली. तुम्ही अंगठ्यानं चाचपली ती कड काटकोनात हवी. ती वापरलेल्या खोडरबरासारखी गोल झालेली आहे.

आमचे मिस्त्री घरात कन्नड बोलणारे, पण मराठी अस्सल बेळगावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिन बघितली आणि एवढंच म्हणाले, "नुसता रंग काय बघूलालतास रे?" विकणाऱ्यानं फसवलं हे खरं. पण उघडायला वीस मिनिटं लागली असती, आणि ती वीस मिनिटं माझी होती.

म्हणून जुना प्रेस करंट लावून चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नका. डाय काढा, हात लांब ठेवा, शंभर फटके रिकामे मारा. दर वेळी रॅम त्याच जागी वर थांबतो का बघा. पेडल दाबून तसंच धरून ठेवा. सिंगलला लावलेला प्रेस तरीही एकच फटका देऊन थांबला पाहिजे. मोटर बंद केल्यावर फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, तेव्हाही हात आत नको. आणि प्रेस तुमच्या शेडमध्ये आला, वीज कंपनीचं, हेस्कॉमचं, थ्री-फेज जोडलं, की पहिला फटका मारायच्या आधी फ्लायव्हील बाणाच्या दिशेनंच फिरतंय ना ते बघा. दोन वायरी अदलाबदल झाल्या तर ते उलटं फिरतं आणि पिनवर घाव बसत राहतात.

नव्याचं काय? हवेचा फ्रिक्शन क्लच असलेला नवा प्रेस परवडत असेल तर डोळे मिटून तोच घ्या. तो अर्ध्या वाटेत थांबतो, दोन हातांची बटणं त्याच्यावर खऱ्या अर्थानं काम करतात. पण पिन क्लचचाच नवा प्रेस घेणार असाल, तर बटुआ सैल सोडण्याआधी बॉडी कुणी ओतली, किती दिवस मुरवली ते विचारा. बेळगावात फाउंड्रीच्या धुरात वाढलेल्या माणसाला हे शिकवायला नको: कच्चं कास्टिंग मशीनवर तासल्यावर महिन्या-दोन महिन्यांत वळतं आणि स्लाईड मापातून जाते. तीस वर्षं काम केलेली अखंड जुनी बॉडी जेवढी वळायची तेवढी वळून मोकळी झालेली असते. माझं मत विचाराल तर पहिल्यासाठी अशी बॉडी घ्यावी आणि पहिला जॉब लावायच्या आधी पिन, स्प्रिंग, अडकण, ब्रेकचा पट्टा सगळं नवं घालावं. हा खर्च प्रेसच्या किमतीतच धरा, नंतर करू म्हणू नका. फ्लायव्हीलला जाळी लावा. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमातच ते लिहिलं होतं, आणि तुमची शेड कायद्यात बसो न बसो, फ्लायव्हीलला ते कळत नाही. जॉब काढायला चिमटा किंवा मॅग्नेट ठेवा. डायच्या तोंडाला पत्र्यापुरती फट सोडून जाळी बसवा, म्हणजे बोट जायला जागाच राहत नाही.

तो मुलगा पुढं माझ्याकडेच डायफिटर झाला. आठ बोटांनी आणि दोन अर्ध्या बोटांनी त्यानं बनवलेल्या डाय अजून चालतात. तो प्रेसही चालतो, चौथ्या पिनवर. दर सहा महिन्यांनी क्लच तोच खोलतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

आता कुणाला कुठला प्रेस बघायला जायचं असेल तर रविवारी सांगा, डायल आणि खडू घेऊन मी येतो. आणि पिन शेवटच्या रांगेत पोचली असेल तर ती तेवढी माझ्याकडे परत द्या.