साच्याशेजारची रिकामी जागा

मी मांजरपाटावर चित्रं काढतो, कारण माझे आजोबा तो विणायचे. परळच्या एका गिरणीत ते साचेखात्यात होते, म्हणजे साच्यांवर, यंत्रमागांवर, कापड विणायचे. घरी त्यांचा एकच फोटो आहे, गावी पाठवण्यासाठी स्टुडिओत काढलेला. धुतलेलं धोतर, स्टुडिओतलाच काळा कोट, हात गुडघ्यावर ठेवलेले. साचा चालवतानाचा फोटो नाही. तो शोधता शोधताच मी गिरण्यांच्या जुन्या फोटोंपर्यंत पोचलो.

1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि त्याच साली कावसजी नानाभाई दावर यांनी सूतगिरणीची कंपनी काढली. कॅमेरा आणि गिरणी या शहरात जोडीनं वाढले. पण गिरणीच्या आतला एखादा जुना फोटो भिंगाखाली धरून पाहा. खांब, बिडाच्या चौकटी, छताचे लोखंडी पट्टे कसे रेखीव असतात! माणसं मात्र पुसट. खात्यात उजेड कमी, त्यामुळे कॅमेऱ्याची काच काही सेकंद उघडी ठेवावी लागायची. तेवढा वेळ जो काम सोडून उभा राहिला तो फोटोत आला. ज्याचे हात चालत राहिले त्याचा धूर झाला.

त्या धुरासाठी मी ही पद्धत धरली. फोटोची लेझर प्रत उलटी काढायची. कापडाला खळ देऊन, ती वाळली की ॲक्रिलिक जेल थापून प्रत पालथी चिकटवायची. दुसऱ्या दिवशी ओल्या बोटांनी मागचा कागद चोळत बसायचं. कागदाच्या बारीक वळ्या निघतात, बोटांची टोकं हुळहुळी होतात, आणि शाई तेवढी कापडावर उरते. जोर जरा जास्त झाला की चेहरा गेलाच. पुसट हात मी रेखीव करत नाही. ते जिथून जिथवर फिरले असतील, तिथे सुती धाग्यानं टाके घालतो. गंजासाठी रंग वापरत नाही. जुने खिळे व्हिनेगरमध्ये बुडवून ओल्या कापडावर ठेवले की डाग आपोआप उतरतात.

अलीकडे मात्र पुसट माणसांपेक्षा फोटोत नसलेली माणसं मला जास्त छळतात. आडवा धागा साच्यात इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. एका धोट्याला अनेकांची तोंडं लागत. या विटाळाचं कारण सांगून सवर्ण कामगार अस्पृश्य मानलेल्यांना साचेखात्यात येऊ देत नसत, आणि मजुरी तर तिथेच बरी होती. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडली.

माझे आजोबा साचेखात्यात होते. म्हणजे ते दाराच्या आत होते. स्टुडिओतला तो फोटो हातात घेतला की आता हे आठवतंच.

1982 च्या संपावर चित्रं का काढत नाही, असं मला नेहमी विचारतात. अडीच लाख माणसं रस्त्यावर आली, त्याचे फोटो पुष्कळ आहेत. मला सध्या हे एक खातं पुरेसं आहे.

आता हातात आहे ते चित्र सहा फुटी आहे. साच्यांची रांग, टाके, गंज. एका साच्याशेजारी माणूसभर उंचीचं कापड मी कोरं ठेवलंय. तिथे खळ नाही, जेल नाही, शाई नाही. कोऱ्या कापडावर धूळ बसते, येणाराजाणारा हात लावतो, दर महिन्याला ते थोडं मळतं. काच बसवून देऊ का, म्हणून फ्रेमवाल्यानं विचारलं. मी नको म्हटलं.