आईचे चार आकडे

[दृश्य: निपाणी. संध्याकाळ. उंबऱ्याशी बसलेल्या बाईच्या मांडीवर सूप. फक्त हात दिसतात. आवाज कात्रीचा आणि लांबून येणाऱ्या टीव्हीचा.]

निवेदन:
पानावर तंबाखूची चिमूट. पान वळलं, दोरा फिरला, टोक नखानं आत दुमडलं. विडी सुपात पडली की हात पुन्हा पानाकडे. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळं बोलता बोलता, भाजीला फोडणी देऊन आल्यावर, पोराचा अभ्यास घेताना हे हात चालूच असतात.

सुपाशेजारी मोबाइल आहे. तो वाजून थांबतो. परत लावायचा तर आधी उघडायला हवा. ती अंगठा पदराला पुसते, फोनवर टेकवते. उघडत नाही. पुन्हा पुसते, पुन्हा टेकवते. वर्षानुवर्षं पानं वळून अंगठ्याच्या रेषा झिजल्यात, आणि उरल्यासुरल्या रेषांत तंबाखूची भुकटी बसलेली.

“आरं, उघडून दे की जरा.”

चौथीतला मुलगा आतनं येतो. ठिपक्यांवरून बोट वरून खाली ओढतो, मग उजवीकडं. फोन उघडतो. तो आईच्या हातात देतो आणि तिथंच थांबतो, कारण बोलणं संपलं की फोन परत त्याच्याकडं जाणार आहे.

मुलांच्या मोबाइलला पालकांनी कुलूप कसं लावायचं, हे दाखवायला आम्ही बेळगाव जिल्ह्यात फिरायला निघालो होतो. पहिल्याच घरात कळलं, कुलूप आहे. किल्ली पोराच्या बोटात आहे.

[दृश्य: फोनची स्क्रीन जवळून. मेनू कन्नडमध्ये. बाईचं बोट त्यावर अधांतरी.]

निवेदन:
हा फोन दुकानातनं आला तेव्हापासून कन्नडमध्ये आहे. तिची शाळा मराठीतली, तीही सातवीपर्यंत. पोरगा सरकारी मराठी शाळेत जातो, पण कन्नड वाचतो, इंग्रजी अक्षरं ओळखतो. त्यामुळं रिचार्ज त्यानं मारायचा, गॅसचा नंबर त्यानं लावायचा, दुकानदाराचे पैसे त्यानं पाठवायचे. म्हणजे पैसे पाठवायचा गुप्त आकडाही त्याला पाठ. “मला काय कळतंय त्यातलं? त्योच सगळं करतोय,” ती म्हणते. त्यात तक्रार नाही, थोडं कौतुकच आहे. असावंही. सीमाभागातल्या घरांत मुलं दोन-तीन भाषांतून वाट काढतात आणि मोठ्यांचा हात धरून पुढं नेतात, याचं मलाही कौतुक वाटतं. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचं काम नऊ वर्षांच्या मुलाकडंच असू नये.

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही नियंत्रणाचं अ‍ॅप वगैरे बाजूला ठेवलं. आधी फोनची भाषा बदलली. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये भाषांची यादी असते, तिच्यात मराठी असते. दोन मिनिटांचं काम. मेनू मराठीत उमटला तेव्हा तिनं एकेक ओळ बोट ठेवून वाचली. ध्वनी. डिस्प्ले. बॅटरी. “हे मराठीत असतंय व्हय?”

असतंय. चार वर्षं तो फोन तिच्याच घरात आहे.

[दृश्य: बेळगावजवळ हलगा. महामार्गाच्या पलीकडं सुवर्ण विधानसौध. गावातली गल्ली, एकेका घरातला टीव्हीचा उजेड विझतो.]

निवेदन:
कुलपाचा दुसरा एक प्रकार हलग्यानं करून पाहिला. डिसेंबर 2024 मध्ये इथल्या ग्रामपंचायतीनं ठरवलं, रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा आणि नऊपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद ठेवायचे. ही वाट सांगली जिल्ह्यातनं आली. तिथं मोहित्यांचे वडगाव या गावानं 15 ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातच्या भोंग्यावर दीड तास मोबाइल-टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली होती.

मला या भोंग्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तो सगळ्यांसाठी वाजतो. पोराचा फोन काढून घेऊन बाप स्वतः क्रिकेट बघत बसला, असं त्या वेळात चालत नाही. मुलांना बंदी टोचत नाही तितकी, त्यातला दुजाभाव टोचतो.

पण भोंगा नऊला संपतो. नऊनंतर फोन उशाखाली जातो, आणि तिथं ग्रामपंचायत पोहोचत नाही. शाळेचा गृहपाठही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतो. 2020 च्या टाळेबंदीत शाळा फोनमध्ये शिरली, ती पूर्ण बाहेर आलीच नाही. म्हणून “फोन देऊच नका” हा सल्ला मी या व्हिडिओत देणार नाही. देणाऱ्यांनी एकदा आईच्या जागी बसून बघावं.

[दृश्य: मोबाइल शॉपीचा काउंटर. नवा टॅब खोक्यातनं बाहेर येतो. चेहरे दिसत नाहीत.]

निवेदन:
आता जे सांगणार आहे ते माझ्याच घरातलं आहे. मुलगी दहा वर्षांची असताना तिला टॅब घेतला. दुकानातल्या मुलानं तिथंच गूगलचं खातं काढून दिलं. जन्मतारीख विचारणारा रकाना आला, त्यानं माझ्याकडं न बघता 1990 टाकलं. मी बघत होतो. मागं गिऱ्हाईकं ताटकळलेली, मीही घाईत. म्हटलं, तारखेनं काय होतंय.

तारखेनंच सगळं होतं. त्या एका रकान्यानं माझी दहा वर्षांची मुलगी गूगलच्या लेखी तिशी ओलांडलेली बाई झाली. मग तिला यूट्यूबवर मोठ्यांचं सगळं दिसणार, मोठ्यांच्या जाहिराती दिसणार, कुठलंही अ‍ॅप कुणाला न विचारता उतरवता येणार. 2023 चा आपल्या देशाचा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल मानतो. मुलांचा माग काढायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती सोडायला कंपन्यांना मनाई करतो. पण खात्यावर 1990 लिहिलं असेल तर कंपनीच्या वहीत तिथं मूलच नाही. मुलांसाठी बांधलेली प्रत्येक भिंत जन्मतारखेच्या पायावर उभी असते, आणि तो पाया मी माझ्या देखत खोटा घालू दिला.

दोन वर्षांनी ध्यानात आलं. ते खातं टॅबमधनं काढून टाकलं आणि खऱ्या तारखेचं नवं काढलं. तिच्या खेळातल्या सगळ्या पायऱ्या गेल्या, ती दोन दिवस बोलली नाही. तुमच्या घरात हे अजून व्हायचं असेल तर दुकानात खातं काढूच नका. फोन खोक्यात घेऊन घरी या.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. दोन फोन शेजारी-शेजारी. मोठा हात, लहान हात.]

निवेदन:
तेरा वर्षांखालच्या मुलाचं गूगल खातं आईबापानंच काढायचं असतं. खातं काढताना ते मुलासाठी आहे असं निवडायचं. मग पालकाच्या फोनवर फॅमिली लिंक नावाचं अ‍ॅप घ्यायचं. ते फुकट आहे. मुलाचा फोन अँड्रॉइड हवा, पालकाचा आयफोन असला तरी चालतो.

त्यात पुष्कळ काही आहे, पण पहिल्या दिवशी सगळं लावत बसू नका. रात्रीची वेळ आधी लावा. समजा साडेनऊ ते सकाळी सहा. त्या वेळेत मुलाचा फोन बंद राहतो, आलेला कॉल मात्र उचलता येतो. हे मी पहिलं सांगतो, कारण दिवसाचे तास मोजण्यावरनं घरोघरी रोज भांडण होतं, आणि झोपेवरनं वाद घालायला मुलाकडंही फारसं काही नसतं. दिवसाची मर्यादा आठवडाभरानं, त्याला विचारून लावा. रविवारची वेगळी ठेवता येते.

दुसरं, अ‍ॅपची परवानगी. मुलानं नवं अ‍ॅप उतरवायला घेतलं की विचारणा तुमच्या फोनवर येते. इथं पालक चुकतात. कामात असतात, समोर ‘मंजूर’ दिसतं, दाबून मोकळे होतात. प्ले स्टोअरवर प्रत्येक अ‍ॅपखाली वयाचा आकडा असतो: 3+, 7+, 12+, 16+, 18+. तेवढा बघायला एक श्वास पुरतो.

फोन कुठं आहे ते नकाशावर दिसायची सोयही आहे. ती लावायची तर मुलाला सांगून लावा. चोरून लावली आणि कळली, तर पोरगं फोन मित्राच्या घरी ठेवून फिरायला जायला शिकतं.

आयफोन असेल तर वेगळं अ‍ॅप लागत नाही. 2018 पासून त्याच्या सेटिंग्जमध्येच स्क्रीन टाइम आहे, वेळेची मर्यादा आणि खरेदीची बंदी तिथंच लागते.

[दृश्य: परत निपाणी. मुलगा भिंतीला टेकून यूट्यूब किड्स बघतो आहे.]

निवेदन:
पण निपाणीच्या त्या घरात दोन फोन नाहीत. फोन एकच, तो आईचा. आपल्या भागात अशी घरं कमी नाहीत, आणि त्यांच्यासाठी कुणी फारसं सांगत नाही.

एकाच फोनवर यूट्यूब किड्स घेता येतं. त्यात मुलाच्या वयाचा गट निवडायचा, शोधायची सोय बंद करायची. आणखी घट्ट करायचं तर आईनं निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असंही करता येतं. एक मात्र विसरू नका. पालकांच्या सेटिंगमध्ये शिरताना ते अ‍ॅप गुणाकार विचारतं. म्हणजे सात आठे किती, असं काहीतरी. चौथीतल्या या पोराला बारापर्यंत पाढे येतात. तो आमच्यासमोर आत शिरला आणि बाहेर आला. गुणाकाराच्या जागी स्वतःचा गुप्त आकडा ठेवता येतो, तो ठेवा.

दुसरी सोय, स्क्रीनवर एकच अ‍ॅप अडकवून ठेवायची. सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात ती सापडते, इंग्रजीत तिला अ‍ॅप पिनिंग म्हणतात. ती चालू करून अ‍ॅप अडकवलं की पोराच्या हातात तेवढं एक अ‍ॅप राहतं. बाहेर पडताना पिन मागायचा पर्याय तिथंच असतो, तोही चालू करा. पैशाचं अ‍ॅप, फोटो, व्हॉट्सअ‍ॅप सगळं त्याच्या पलीकडं.

आणि पैसे पाठवायचा आकडा त्याच दिवशी बदला.

[दृश्य: खानापूर तालुका. पावसानं ओली कौलं. शाळेतनं परतणाऱ्या मुलींचा घोळका, पाठीमागून.]

निवेदन:
नववीतल्या मुलीचं कुलूप वेगळं. ती विचारते, “मी काय करूलालोय ते सगळं तुम्हाला का दिसायला हवं?” प्रश्न रास्त आहे. तिच्या वहीला आपण कुलूप घालत नाही.

तिला इन्स्टाग्राम हवं आहे. फेब्रुवारी 2025 पासून भारतातही अठराच्या आतल्यांसाठी त्याची वेगळी खाती आहेत. खातं आपोआप खाजगी राहतं, अनोळखी माणसाला संदेश पाठवता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना गप्प असतात. सोळाच्या आत असेल तर यातलं काही सैल करायला पालकाची परवानगी लागते. पुन्हा तेच, जन्मतारीख खरी हवी.

आता जे या सेटिंगांना जमत नाही ते. फॅमिली लिंक तुम्हाला मुलीचे संदेश वाचून दाखवत नाही, तिचे कॉल ऐकवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर चुलतभावानं काय पाठवलं ते यातलं कुठलंही नियंत्रण गाळत नाही. कुणी फोटो मागितला, धमकी दिली, तर ते फक्त मुलीच्या तोंडून कळतं. आणि पहिल्यांदा सांगेल तेव्हा आपण फोन हिसकावून घेतला, तर दुसऱ्यांदा ती सांगणार नाही. तिला सांगून ठेवा, असं काही झालं तर फोन काढून घेणार नाही. आणि तो शब्द पाळा. संकटातल्या मुलांसाठी 1098, सायबर फसवणुकीसाठी 1930. दोन्ही आकडे तिच्या फोनमध्ये आजच नावानिशी भरून ठेवा.

[दृश्य: निपाणी. उंबरा. दिवेलागण झाली आहे.]

निवेदन:
त्या संध्याकाळचं शेवटचं काम पिनचं होतं. ठिपक्यांची खूण काढून टाकली. तंबाखूच्या भुकटीत बोटाची वाट काचेवर उमटून राहायची, ती कुणालाही वाचता आली असती. चार आकडे तिनं स्वतः ठरवायचे होते. तिनं लेकाला आत पाठवलं. मग आमच्याकडं बघितलं. आम्ही कॅमेरा रस्त्याकडं वळवला.

[दृश्य: रस्ता. सायकलवरनं एक माणूस जातो. मागं बटणांचा आवाज, सावकाश. एक. दोन. मध्ये थांबतो. तीन. चार. मग तेच पुन्हा एकदा.]

फोन वाजून थांबतो. सूप बाजूला सरकतं. पोरगा सवयीनं दारात येऊन उभा राहिलेला आहे. ती अंगठा पदराला पुसते, स्क्रीन स्वतःकडं वळवते, एकेक आकडा दाबते आणि फोन परत लावते.

“हं, बोल गं.”

[दृश्य: तिचा चेहरा, फोन कानाला. आवाज तसाच चालू. अंधार.]