भुताने हसवायचे नसते

अध्यक्ष महोदय आणि रसिकहो,

एका मालिकेतले भूत आणि दुसऱ्या मालिकेतला विनोदवीर एकाच चौकटीत आणून चाहत्यांनी पदरमोड करून केलेले लघुपट, हा आजचा विषय आहे. हा पोरखेळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांना सुरुवातीलाच सांगतो की हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओने १९४८ साली नेमका हाच उद्योग करून अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीची गाठ ड्रॅक्युला, लांडगामानव आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस यांच्याशी घालून दिली होती. १९३१ साली ड्रॅक्युला साकारणारा बेला लुगोसी त्या भूमिकेत पडद्यावर पुन्हा, आणि अखेरचा, दिसला तो याच चित्रपटात. आणि त्यात तो एकदाही प्रेक्षकांना हसवायला जात नाही. राक्षसासाठी त्याला साधासुधा, आज्ञाधारक मेंदू हवा आहे आणि तसा मेंदू त्याने घाबरट कॉस्टेलोच्या डोक्यात हेरला आहे. तो आपले काम मन लावून करतो, हसू येते ते कॉस्टेलोच्या उडालेल्या त्रेधेचे.

आपल्या भागातली हौशी मुले चुकतात ती बहुधा इथेच. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कॉलेजातली मुले मोबाइलवर असे लघुपट करतात, तेव्हा पहिल्या दोन मिनिटांतच भुताला नाचायला लावतात. हशा मिळतो, नाही असे नाही; पण भूत एकदा नाचले की पुढे त्याला कोणी भीत नाही, आणि भीती संपली की भिणाऱ्याचा विनोदही संपतो.

दुसरी गोष्ट प्रत्येक मालिकेच्या आतल्या कायद्याची. समजा, ‘घोस्टबस्टर्स’मधल्या भुते पकडणाऱ्या अमेरिकी चौकडीसमोर तुम्हाला ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या भयपटमालिकेतला मुखवटेवाला खुनी जेसन उभा करायचा आहे. कोणता जेसन? १९८० च्या पहिल्या भागात खुनी तो नाही, त्याची आई आहे. तो ओळखीचा हॉकीचा मुखवटा त्याला मिळतो १९८२ च्या तिसऱ्या भागात. आणि १९८६ च्या सहाव्या भागात वीज पडून तो थडग्यातून उठतो, तिथून पुढे तो चालते मढे ठरतो. म्हणजे भूत पकडायची यंत्रे तिसऱ्या भागातल्या जेसनवर चालायला नकोत, कारण तो अजून हाडामांसाचा माणूस आहे. चौकडी यंत्रे रोखून उभी आहे, यंत्रे ढिम्म आहेत आणि कोयतेवाला एकेक पाऊल टाकत येतो आहे. हा प्रसंग कोणाला सुचवावा लागत नाही, दोन कायदे एकमेकांवर आदळले की तो आपोआप घडतो. आपल्या तात्या विंचूचेही तसेच आहे. १९९३ साली तो बाहुल्यात शिरला तो मृत्युंजय मंत्राच्या बळावर, तेव्हा दुसऱ्या मालिकेत जातानाही त्याने मंत्र बरोबर न्यायलाच हवा.

इथल्या मुलांना एक मोह हमखास पडतो: भुताला कन्नड बोलायला लावायचे, विनोदवीराला मराठी, आणि उच्चारांवर टाळ्या घ्यायच्या. मला हा विनोद स्वस्त वाटतो. त्यापेक्षा भाषेलाच कायदा करा. भूत उतरवायचा मंत्र कन्नडमध्ये म्हटला तरच लागू पडतो, गटात कन्नड येणारा एकटाच आहे, आणि भूत दिसताच सर्वांत आधी पळालेला तोच आहे. चिकोडीपासून जांबोटीपर्यंत हा पेच कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

तंत्राचे थोडक्यात सांगतो. मोबाइलचा कॅमेरा अंधार दिसला की आपणहून प्रकाश वाढवतो, त्यामुळे काळी रात्र करडी आणि दाणेदार होते. म्हणून पडद्यावर बोट दाबून प्रकाश पक्का करावा, मग तो खाली ओढावा, आणि सूर्य बुडाल्यानंतर आकाशात निळसर उजेड असतो तेवढ्या वेळात चित्रण उरकावे. बॅटरी चेहऱ्याच्या बाजूने धरावी. हनुवटीखालून धरलेली बॅटरी आता लहान मुलांनाही घाबरवत नाही.

राहिला हक्कांचा प्रश्न. ‘आम्ही पैसे कमावत नाही’ एवढे म्हटले की सुटलो, ही समजूत साफ खोटी आहे. अमेरिकेत स्टार ट्रेक या अंतराळकथांच्या मालिकेवरच्या एका चाहतापटावर डिसेंबर २०१५ मध्ये हक्कमालकांनी दावा लावला, आणि पुढच्या वर्षी चाहत्यांसाठी नियमच काढले: एक कथा पंधरा मिनिटांची, किंवा फार तर दोन भाग मिळून तीस मिनिटांची, आणि वर्गणी पन्नास हजार डॉलरच्या आत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२ व्या कलमात टीका आणि परीक्षण यांना सवलत आहे, विडंबनाचे नाव मात्र तिथे नाही. ड्रॅक्युलाची १८९७ ची आणि फ्रँकेन्स्टाइनची १८१८ ची कादंबरी आज कोणीही वापरावी. पण चपट्या डोक्याचा, मानेत खिळे असलेला राक्षसाचा चेहरा कादंबरीतला नव्हे, तो युनिव्हर्सलच्या १९३१ च्या चित्रपटासाठी जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने घडवला. तो उचलू नका, आपला राक्षस आपणच रंगवा. तेही जमत नसेल तर घाटाखाली दशावतारात संकासुर आहेच. वेद पळवणारा हा असुर मालवणीत बोलून मंडपभर हशा पिकवतो, कारण हसवणे हाच त्याच्या खेळातला कायदा आहे, आणि त्याच्यासाठी कोणत्याही स्टुडिओला पत्र लिहावे लागत नाही.