मेरा पीकची तयारी : नागपूर, उंची ३१० मीटर

(दृश्य : धरमपेठेतल्या घरातली बैठकीची खोली. टेबलावर नकाशा, कॅलेंडर आणि रेघांची वही.)

मेरा पीक. नेपाळमध्ये, एव्हरेस्टच्या दक्षिणेला, हिंकू आणि होंगू या दोन खोऱ्यांच्या मधोमध. उत्तरेकडचं टोक ६,४७६ मीटर, मधलं ६,४६१. मार्गदर्शकाबरोबर जाणारे बहुतेक गट मधल्या टोकावर चढतात. हवा स्वच्छ असेल तर तिथून एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू आणि कांचनगंगा अशी आठ हजार मीटरवरची पाच शिखरं एकाच जागेवरून दिसतात.

आणि आमचा गट ज्या शहरातून या शिखराची तयारी करतो आहे, ते नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे.

या शिखरावर पहिली चढाई झाली २० मे १९५३ रोजी. जिमी रॉबर्ट्स हे गुरखा पलटणीतले ब्रिटिश अधिकारी त्या वर्षीच्या एव्हरेस्ट मोहिमेला ऑक्सिजनची नळकांडी पोचवायला आले होते. ते काम उरकून सेन तेनझिंग या शेर्पा साथीदाराबरोबर ते मेरावर चढले. हिलरी आणि तेनझिंग नोर्गे एव्हरेस्टवर पोचले ते त्यानंतर नऊ दिवसांनी. पुढे १९६४ साली याच रॉबर्ट्सनी नेपाळमधली पहिली ट्रेकिंग कंपनी काढली. पैसे भरायचे, मार्गदर्शक घ्यायचा आणि हिमालयात जायचं, ही आज आपल्या अंगवळणी पडलेली पद्धत तिथून रुळत गेली.

नेपाळ माउंटेनियरिंग असोसिएशन ज्या शिखरांचे परवाने देते, त्यांना ट्रेकिंग पीक म्हणतात. नावात ट्रेकिंग असलं तरी ही फक्त परवान्याची वर्गवारी आहे. मेरावर हिमनदी आहे, हिमनदीत भेगा आहेत, सगळ्यांनी एका दोराला बांधून चालायचं आहे आणि शेवटचा उभा चढ जुमारने, म्हणजे दोरावर वर सरकणाऱ्या पण खाली न घसरणाऱ्या पकडीने, चढायचा आहे. चार हजार मीटरवर कधी झोपलेलाच नसलेला माणूस आमच्या बैठकीला आला, तर आम्ही त्याला आधी अन्नपूर्णा बेस कॅम्पला पाठवू. जमलं तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमध्ये बेसिक कोर्स करायला सांगू. मेरा पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

(दृश्य : नकाशावर बोट. लुक्ला ते खारे.)

आता नकाशा नीट पाहा, कारण सगळं प्लॅनिंग इथे ठरतं.

लुक्ला, म्हणजे विमानातून उतरून चालायला सुरुवात करायची ते गाव, साधारण २,८५० मीटरवर. तिथून हिंकू खोऱ्यात उतरायच्या दोन वाटा आहेत. जवळची वाट थेट झत्र्वा ला या खिंडीवरून जाते. खिंड सुमारे ४,६०० मीटर उंच. या वाटेने गेलं की काठमांडू सोडल्यावर अगदी थोड्या दिवसांत चार हजारांवर मुक्काम पडतो. दुसरी वाट दक्षिणेकडून वळसा घालते. पैया, पांगोम, निंगसो, छत्रा खोला अशी गावं आणि मुक्काम घेत, जंगलातून, तीन हजारांच्या आसपास चढउतार करत हिंकू खोऱ्यातल्या ‘कोठे’ या गावाला पोचते. या वाटेवर पाय जास्त दुखतात, दिवस जास्त लागतात. पण तेवढ्या रात्री शरीराला मिळतात.

वैद्यकीय सल्ला असा आहे की, तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. ‘कोठे’ गाव ३,६०० मीटरच्या आसपास. पुढचा मुक्काम थाकनाक, सुमारे ४,३५०. त्यानंतर खारे, जवळजवळ ५,०००. या दोन्ही उड्या ५०० पेक्षा मोठ्या आहेत. मध्ये झोपायला दुसरी सोयीची जागा नाही. म्हणून थाकनाकला दोन रात्री आणि खारेला निदान तीन, असं आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे. थाकनाकच्या रिकाम्या दिवशी साबाई त्शो या हिमतळ्याकडे चढून परत यायचं. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये हेच तळं फुटून खालच्या खोऱ्यात पूर आला होता.

(दृश्य : वहीतलं पान. एका बाजूला उंची, एका बाजूला रात्री.)

इतका काटेकोरपणा कशासाठी? हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. मेराच्या हाय कॅम्पला, म्हणजे शिखराआधीच्या शेवटच्या मुक्कामाला, सुमारे ५,८०० मीटरवर, आपण रात्र काढणार असतो. शरीर यावर पहिला उपाय करतं तो जोरात श्वास घेण्याचा. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि मग मेंदू श्वासाला लगाम घालतो. हा तोल सावरण्याचं काम मूत्रपिंडांचं असतं आणि त्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. नव्या लाल पेशी वाढायला तर आठवडे लागतात. धावपटूचं शरीरही हे काम लवकर उरकत नाही. उलट दम चांगला असलेला माणूस पुढे पळतो आणि आधी आजारी पडतो.

डायमॉक्स ही गोळी मूत्रपिंडांचं तेच काम थोडं लवकर सुरू करून देते. ती डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती सांगून घ्यायची, आणि आधी घरी घेऊन पाहायची. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. हे सगळं पहिल्यांदा पाच हजार मीटरवर कळण्यापेक्षा धरमपेठेत कळलेलं बरं. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर सोबत न्यायला हरकत नाही. पण आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखी लपवायची नाही. सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावून चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं.

(दृश्य : रामटेक, गडमंदिराच्या पायऱ्या. जानेवारीची सकाळ.)

हंगाम दोन : एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. शरद ऋतूत आकाश जास्त निरभ्र असतं, हे खरं. पण नागपूरकराने त्यासाठी सराव कधी करायचा? मे अखेरच्या नवतप्यात? दिवाळीही त्याच दिवसांत येते. आम्ही उन्हाळा निवडला. म्हणजे सरावाला अख्खा हिवाळा मिळतो आणि गटातल्या शिक्षकांना मे महिन्याची सुट्टी.

रोज सकाळी सेमिनरी हिल्स. आठवड्यातून दोनदा उंच इमारतीचा जिना, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक. रविवारी रामटेक. पचमढीला गेलं की चौरागडच्या पायऱ्या आणि धूपगड. नागद्वारची यात्रा पावसात केलेल्या विदर्भातल्या माणसाला सातपुड्याची चढण नवी नाही. पण चढणीइतकाच उतरणीचाही सराव हवा. शिखराच्या दिवशी रात्री दोनच्या सुमारास निघून माथ्यावर जायचं आणि त्याच दिवशी खारेपर्यंत उतरायचं, तेव्हा मांड्यांची परीक्षा परतीच्या वाटेवर असते.

आणखी एक सराव बिनखर्चाचा आहे. झाडाच्या मजबूत फांदीला दोर बांधायचा, हार्नेस (कमरेचा पट्टा) चढवायचा, हातात जाडजूड मोजे घालायचे आणि कॅराबिनर (दोरात अडकवायची कडी) उघडायचा, जुमार लावायचा, काढायचा. जाणत्या माणसाला शेजारी उभं करूनच. उणे वीस अंशांत मोजे काढून हे करता येणार नाही.

(दृश्य : कॅलेंडर. लाल पेनाने खुणा.)

नागपूरहून दिल्लीमार्गे काठमांडू. व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. गर्दीच्या हंगामात लुक्लाची विमानं बऱ्याचदा काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री गाडीने निघावं लागतं. ढग आले की विमान नाही. म्हणून लुक्लाला जाताना आणि तिथून परतताना एकेक मोकळा दिवस. शिखरासाठी खारेला आणखी एक राखीव दिवस. वळशाची वाट, थांबण्याच्या रात्री, राखीव दिवस मिळवले की नागपूर ते नागपूर बावीस-तेवीस दिवस होतात.

बाजारात चौदा-पंधरा दिवसांचे कार्यक्रमही मिळतात आणि ते स्वस्त असतात. स्वस्त असण्याचं कारण बहुधा गाळलेल्या रात्रींमध्येच असतं. आमचं म्हणणं स्पष्ट आहे : बावीस दिवसांची रजा मिळत नसेल, तर यंदा मेरा नको. कमी उंचीचा ट्रेक करा, रजा साठवा.

विम्याचंही पाहून घ्या. अनेक प्रवास विमा पॉलिसींत उंचीची मर्यादा बारीक अक्षरांत लिहिलेली असते. साडेसहा हजार मीटरपर्यंत दोराच्या साहाय्याने केलेली चढाई आणि हेलिकॉप्टरने सुटका, या दोन्ही गोष्टी पॉलिसीत शब्दांत असल्या पाहिजेत.

(दृश्य : लॅपटॉपच्या पडद्यावर मेल लिहिला जातो आहे.)

कंपनी ठरवताना आम्ही फोनवर गप्पा मारून समाधान मानत नाही, मेल पाठवतो. वाट कुठली, झत्र्वा लाची की वळशाची? एका गाइडमागे दोरावर किती जण? खारेला ऑक्सिजनचं नळकांडं आणि दाबाची पिशवी (आजाऱ्याला आत ठेवून हवेचा दाब वाढवायची) असेल का? एक जण आजारी पडला, तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार आणि बाकीच्यांजवळ कोण थांबणार? आमचं सामान वाहणाऱ्या पोर्टरांचा विमा उतरवला आहे का, त्यांना बूट, गरम कपडे आणि रात्री झोपायला छप्पर मिळतं का? मागे फिरायची वेळ किती वाजता आणि तो शब्द अखेरचा कोणाचा?

उत्तरं लेखी मागायची. पोर्टरांच्या आणि आजाऱ्याच्या प्रश्नाला जी कंपनी बगल देईल, तिला आगाऊ रक्कम भरायची नाही.